सहा महिन्यांची कारणं

९ जानेवारी

बाई,

थैलीत ब्रेकच्या पट्ट्यांच्या चार जोड्या आहेत, दाराचे रोलर सहा आहेत आणि हे पत्र आहे. आधी रोलर तपासून घ्या, मागच्या खेपेला दोन तडकलेले निघाले होते. पत्र मागाहून वाचलंत तरी चालेल. खरं तर मागाहूनच वाचा, आणि ऑफिसात कोणी नसताना वाचा.

फोन का केला नाही ते सांगतो. फोनवर मला समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. चाळीस वर्षं लिफ्टच्या रुळाला कान लावून पोट भरलेल्या माणसाचं हे दुखणंच म्हणायचं. तुम्ही पलीकडे नुसत्या गप्प राहिलात तरी मी घाबरून भलतंच काहीतरी कबूल करीन. कागद बरा. तो श्वास घेत नाही.

शनिवारी तुमच्या शाखेची पाटी लावून झाली, माणसं गेली, आणि शिडी आवरता आवरता तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, दोन गावांत दोन चुली कशाला पेटवायच्या आता? एकच पेटवू या की." मी म्हणालो, "काय म्हणालात? पंख्याचा आवाज आहे." पंखा बंद होता. त्याला वायरही जोडलेली नव्हती. हे मला दिसत होतं, तुम्हाला दिसत होतं, तरी तुम्ही हसलात आणि म्हणालात, "काही नाही, शिडी धरा." परतीच्या सहा तासांत बसच्या इंजिनापेक्षा मी ते हसणंच जास्त ऐकलं.

तर ऐकलं होतं, हे आधी कबूल. आणि तुम्हाला असं वाटावं हा माझा मान आहे, हेही मनापासून लिहितो. आठवी नापास माणूस मी. तुमच्यासारख्या बाईने माझ्यात काय पाहिलं ते तुम्हालाच ठाऊक.

पण बाई, अकरा वर्षं झाली. माझ्या चौसष्ट लिफ्ट एकीकडे आणि तुमच्याशी रोज सकाळी नऊला होणारं भांडण एकीकडे. ते भांडण गेलं तर मी धड बोलू कोणाशी? मला तुम्हाला गमवायचं नाही. म्हणून जरा जपून लिहितोय.

अडचण अशी आहे की आपण एका फर्ममधली माणसं. मी मालक, तुम्ही शाखा सांभाळणार. लिफ्टला ब्रेक असतो, मेकॅनिकच्या जिभेला नसतो. उद्या म्हणतील, बाईंना शाखा मिळाली ती अशी. तुमच्या कर्तबगारीला असा डाग लागलेला मला बघवणार नाही. तेव्हा हा विषय सध्या बाजूला ठेवलेला बरा, असं मला वाटतं.

राग मानू नका.

मिस्त्री

ता. क. तुमचं शटर उजवीकडे ओढतंय. मी निघाल्यावर तुम्ही ते बंद केलंत तेव्हा आवाजावरून कळलं. पुढच्या खेपेला येऊन बघून जातो.


२४ जानेवारी

बाई,

हे काय केलंत तुम्ही?

सोमवारच्या बैठकीला सगळे जमलेले, टेबलावर मोठ्या आवाजात फोन लावलेला, तुम्ही तिकडून कामांची यादी सांगताय, सगळं रीतसर. आणि यादी संपल्यावर त्याच आवाजात, जणू दोर बदलायचा आहे अशा थाटात, "आणखी एक. मिस्त्रींना मी लग्नाचं विचारलंय. त्यांची हरकत एवढीच आहे की तुम्ही लोक काय म्हणाल. बोला, काय म्हणता?"

मी टेबलाखाली वाकून पेन शोधत होतो. पेन माझ्या खिशात होतं.

काका म्हणाले (सगळ्यांत जुने म्हणून त्यांनीच तोंड उघडायचं), "आम्हाला वाटलं तीन वर्षांपूर्वीच उरकलंय. मालकांनी साधा चहा पाजला नाही म्हणून मी मनातून रागावून होतो." त्यावर बाकीचे असे हसले की फळीवरच्या नटबोल्टच्या बरण्या वाजल्या. एकाने विचारलं, "मग आता बाईंना मालकीण म्हणायचं का?" तुम्ही तिकडून म्हणालात, "बाईच म्हणा. मालकीण म्हटलं की माणसं कामं लपवतात." पुन्हा हशा.

मी वर आलो तोवर विषय संपलेला होता. मला कोणी काही विचारलंच नाही. माझ्याच टेबलाशी, माझ्याच लग्नाबद्दल.

संतापलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तरी तुमच्या हिमतीला दाद देतो. लोकांच्या तोंडाला भिणारा मी, त्या तोंडांसमोर जाऊन उभ्या राहिलात तुम्ही.

पण खरी गोष्ट निराळी आहे. लोकांचं मी वरवरचं लिहिलं होतं. खरी अडचण आई. ब्याऐंशी वर्षांची आहे. तिची खुर्ची, तिची खिडकी, तिच्या डब्यांची रांग. परवा मी मिठाचा डबा एक घर डावीकडे सरकवला तर दोन दिवस मला "भाडेकरू" म्हणून हाक मारत होती. या वयात घरात नवं माणूस आणून मी तिचा जीव टांगणीला लावणं बरं दिसत नाही. म्हातारीसाठी थांबायला हवं. तुम्ही वडिलांसाठी किती वर्षं थांबलात ते मी पाहिलंय. तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

मिस्त्री

ता. क. शटरला तेल घालू नका, धूळ धरतं. मीच येतो.


१९ फेब्रुवारी

बाई,

बुधवारी मी दिवसभर दवाखान्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो. हे तुम्हाला माहीत होतं, कारण ते काम तुम्हीच लावलं होतंत. घरी आलो तर आईच्या गुडघ्याला नवा पट्टा, आणि चेहऱ्यावर मी तिला चाळीस वर्षांत न दिलेलं समाधान.

"ती येऊन गेली," आई म्हणाली.

"कोण ती?"

"वेड पांघरू नकोस. मुलगी चांगली आहे."

"आई, ती एक्कावन्न वर्षांची आहे."

"मग? तू काय पाळण्यात आहेस?"

पुढचं सगळं लिहीत नाही, तुमच्याबद्दल चांगलं आहे आणि माझ्याबद्दल नाही. डब्यांना तुम्ही हात लावला नाहीत, उलट कुठला डबा कुठे ते विचारून घेतलंत, हे तिने मला तीनदा ऐकवलं. शेवटी म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे ऐकून होते. इथे नवरदेवच पिशवी घेऊन विघ्नं गोळा करत हिंडतोय."

बाई, मला त्या क्षणी तुमचा फार राग आला. आणि राग आल्याबरोबर अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. तुमच्या इमारतीची लिफ्ट नऊ दिवस बंद, सहाव्या मजल्यावर वडील चाकाच्या खुर्चीत. मी एकटा, नवा, नुकती नोकरी सोडून स्वतःची पाटी लावलेला. तुम्ही वर आलात, मला मशीनरूममध्ये कोंडलंत आणि बाहेरून कडी घातलीत. "लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला की उघडते." साडेचार तास! आतून मी शिव्या देत होतो, बाहेर पायरीवर बसून तुम्ही मला विचारत होता, चहा दाराखालून सरकवता येईल का. लिफ्ट चालली. दार उघडल्यावर तुम्ही म्हणालात, "तुमचा हात चांगला आहे, जीभ वाईट आहे. माणसांशी बोलायला कोणी आहे का तुमच्याकडे?" तशा तुम्ही आलात फर्ममध्ये.

तेव्हा कोंडलं होतंत तेव्हा बाहेर कसं पडायचं ते मला कळत होतं.

असो. आईचं झालं. पण माझी मुलगी आहे. तिची आई गेली त्याला सहा वर्षं झाली तरी फोनवर आईचं नाव निघालं की तिचा आवाज अर्धा सूर खाली जातो, दुसऱ्या कोणाला कळणार नाही, मला कळतो. लांब राहते, सासरचं सगळं एकटी बघते. तिच्या मनाला लागेल असं काही करणं माझ्याने होणार नाही. तिच्याकडे हा विषय काढायचाही धीर नाही मला. तुम्हीही काढू नका, ही विनंती.

मिस्त्री


२७ मार्च

बाई,

तुम्ही विषय काढला नाहीत, मान्य. तिने काढला. आजीने तिला फोनवरून सगळं सांगितलं असणार.

"बाबा, तुम्ही माझं नाव पुढे केलंत म्हणे?"

"पुढे म्हणजे काय, तुझा विचार नको का करायला?"

"केलात ना? आता माझा विचार ऐका. मला रोज तुमची काळजी वाटते. बाई असल्या तर निम्मी वाटेल. आणि उरलेल्या निम्म्यासाठी मी त्यांना फोन करीन, तुम्हाला नाही. तुम्ही खरं कुठे सांगता!"

हे ती हसत म्हणाली, आवाज खाली न जाता. माझाच कान खोटा ठरला.

आणि गुरुवारच्या थैलीत तुमचं पत्र. मी ते जपून ठेवलंय, म्हणून शब्द न बदलता उतरवतो:

"मिस्त्री, सोसायटीचे ते चष्मेवाले अध्यक्ष आठवतात का? 'तुमचं ऑफिस लांब पडतं' म्हणाले, तर तुम्ही आठ दिवसांत त्यांच्या समोरच्या गल्लीत खोली घेतलीत. 'तुमच्याकडे माणसं कमी' म्हणाले, तर तुम्ही काकांना आणलंत. काम मिळालं. जिना उतरताना मला म्हणालात, 'बाई, हे लिहून ठेवा. जो कारण सांगतो तो अजून दारात उभा असतो, कारण काढून टाका, तो तुमचा. आणि जो नुसतं नाही म्हणतो त्याने दार लावलंय, त्याची घंटी पुन्हा वाजवायची नाही.' मी ते लिहून ठेवलं. त्याच्यावर तुमची तीस इमारतींची कामं आणली. आता तुम्ही मला कारणं देताय, मी ती काढतेय. तुम्ही शिकवलेलंच करतेय. पण मला थोडी शंका यायला लागली आहे. नाही असेल तर नाही म्हणा. मी घंटी वाजवणार नाही."

दोन दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरतोय. एका इमारतीत चढताना चौथ्या मजल्याशी रुळाचा खडखडाट स्पष्ट ऐकला आणि खाली येईपर्यंत विसरून गेलो. असं कधी झालं नव्हतं.

तुम्ही सरळ विचारलंत, तर खरं कारण सांगतो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

बायको दवाखान्यात अकरा दिवस होती. तुम्ही तेव्हा वडिलांच्या उशाशी अडकलेल्या, येऊ शकला नाहीत. शेवटच्या दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, माझ्यानंतर दुसरी कोणी या घरात आणू नका. मी शब्द दिला. दिलेला शब्द माझ्याने मोडवत नाही. बस, इतकंच आहे. यात तुमचं उणं काही नाही. तसं काही नसतं तर गोष्ट निराळी होती.

तुम्ही समजून घ्याल याची खात्री आहे.

मिस्त्री


३० एप्रिल

बाई,

थैलीत: मोटारीचे दोन बेअरिंग, दोराच्या चिमट्यांचा डबा.

तुमचं पत्र मिळालं. त्यात एकही टोमणा नाही, ते मी दोनदा तपासलं. "हे आधी सांगितलं असतंत तर मी कधीच विचारलं नसतं. गेलेल्या माणसाचा शब्द पाळणारा माणूस माझा मित्र आहे, एवढं मला पुष्कळ आहे." मी हे वाचलं आणि पाणी प्यायला उठलो, पाणी न पिताच परत आलो.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. झालंय उलटंच. तुम्ही काकांना शब्दाचं सांगितलंत, बाकीच्यांनी मला काही विचारू नये म्हणून. आता सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसे हळू बोलतात. काल एका कामावर काकांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला, "राहू द्या मालक, मी करतो." माझ्या हाताला काय धाड भरली आहे? मन मोडलेल्या माणसाला पानाही उचलवत नाही असं वाटतं की काय त्यांना? मी खेकसलो. त्यावर तेही गप्प राहिले, आणखी समजूतदारपणे. माणसाने किती सहन करावं!

आई मात्र गप्प नाही. काल जेवताना एकदम म्हणाली, "कसला शब्द दिलास म्हणे तू सुनेला?" तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी म्हणालो, "आई, जेव." ती माझ्याकडे बघत राहिली. एका कानाने बहिरी आहे, पण डोळे अजून भाड्याने दिलेले नाहीत तिने.

सकाळी नऊचा फोन तुम्ही आता सव्वानऊला करता आणि कामाचंच बोलता. भांडत नाही. मी मुद्दाम चुकीचा रोलर सांगितला तरी "बरं" म्हणता. हे मला नको होतं. मला जे होतं ते तसंच राहायला हवं होतं, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला.

शटरचं राहिलंच. येणार होतो.

मिस्त्री


१२ जून

बाई,

तुम्ही परवा फोनवर बोललात, मी ऐकलं. आता माझं ऐका.

मुलीला पत्र लिहायची काय गरज होती? चांगुलपणा म्हणून लिहिलंत, ठाऊक आहे. "तुझ्या आईला दिलेल्या शब्दाचं मला माहीत नव्हतं, नाहीतर मी असं काही मनात आणलं नसतं, क्षमा कर." आणि तिने फोन करून उलट विचारलं, "कसला शब्द? आईची वाचा तर पहिल्याच दिवशी गेली. अकरा दिवस मी तिच्या ओठांवर पाणी लावत होते, तिने एक अक्षर काढलं नाही." हे तिनेच मला सांगितलं. आता ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं, म्हणते. बरोबरच म्हणते.

पण तुम्ही! तुमच्याकडे काय कान नव्हते? पहिल्या दिवशी बंद पंख्याचा आवाज ऐकणारा माणूस काय सांगतोय ते तुम्हाला कळत नव्हतं? लोक म्हणालो, तुम्ही लोकांना गप्प केलंत. आई म्हणालो, आईला पट्टा बांधलात. मुलगी म्हणालो, तर मुलगीच फितूर. एखादा माणूस चार-चार वेळा मागे सरतोय तेव्हा समोरच्याने थांबावं की पुढे सरावं? मी प्रत्येक पत्रात आडून नाहीच म्हणत होतो. आडून म्हटलं कारण तुमचं मन दुखवायचं नव्हतं. जगातली निम्मी माणसं असंच बोलतात आणि उरलेली निम्मी ते समजून घेतात. त्या निम्म्यात तुम्ही नेमक्या का नाही?

आणि माझ्या सभ्यपणाचं हे फळ की तुम्ही मला म्हणता:

"एकदा नाही म्हणाला असतात तर मी रडले असते आणि कामाला लागले असते. तुम्ही मला सहा महिने तुमच्याच कामाला लावलंत. मी तुमच्या आईचे गुडघे बघितले, तुमच्या माणसांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं, तुमच्या मुलीची क्षमा मागितली. दर वेळी वाटायचं, आता एकच पायरी राहिली. आणि प्रत्येक पत्राच्या खाली शटर! शटर बघायला येतो, शटर बघायला येतो. नको असलेल्या बाईच्या दारात कोण सारखं 'येतो' म्हणतं, मिस्त्री?"

भीड भिकेची बहीण म्हणतात, माझ्या भिडेने भीक तुम्हाला मागायला लावली, असंच म्हणायचं आहे ना तुम्हाला? म्हणा.

एक जुलैपासून वेगळी पाटी लावणार म्हणालात. शाखेकडच्या नऊ इमारती घेऊन, स्वतःच्या नावाने. ते रागाच्या भरात बोललात की ठरवून, ते आवाजावरून कळलं मला. ठरवून बोललात. तरी विचारतो, घाई नाही का होत? महिनाभर थांबून...

हे पत्र पाठवतोय की नाही ते अजून ठरलेलं नाही.


१८ जून

बाई,

वरचं पत्र पाठवायचं नव्हतं. सोबत ठेवलंय, कारण तुमच्यापासून काही लपवून ठेवलं की पुढे काय होतं ते पाहिलंय. त्यातला तुमच्यावरचा सगळा राग खोटा आहे. तुम्ही जे मी सांगितलं ते खरं धरलंत, एवढाच तुमचा गुन्हा.

तुम्ही म्हणालात, एक पत्र लिहा, कारण न देता. ते हे.

नाही. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही.

कारण देऊ नका म्हणालात, आणि खरोखरच द्यायला नाही. गेले सहा दिवस शोधलं. लोक आड येत नव्हते, आई नव्हती, मुलगी नव्हती. बायको तर मुळीच नाही. तिला बोलता आलं असतं तर तिने तुम्हालाच बोलावून घेतलं असतं आणि किल्ल्या दिल्या असत्या. तुमच्यातही काही कमी नाही. काल आईने विचारलं, "मग अडलं कुठे?" मी म्हणालो, "आडातच नाही आई, पोहऱ्यात कुठून आणू?" तिने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "हे तिला जानेवारीत सांगायचं होतंस." त्यानंतर मला भाडेकरू म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. कारण म्हणून नाही, खरी आहे म्हणून. बायको माहेरी गेली की मला घरातल्या घड्याळाची टिकटिक सहन व्हायची नाही. पहिल्याच संध्याकाळी त्याचा सेल काढून ठेवायचो. ती आली की आधी घड्याळ बघायची आणि हसायची. तुम्ही शाखा सांभाळायला तिकडे गेलात त्या संध्याकाळी मी जेवलो, घड्याळ चालूच होतं, आणि मला वेळेवर झोप लागली. तुम्ही आलात की मला फार बरं वाटतं. गेलात की तुम्ही गेलेल्या असता. मला हे त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही शिडीवरून विचारलंत त्याच्याही आधी.

ते तुम्हाला कळवायचं धैर्य नव्हतं. एक घाव दोन तुकडे करणारा म्हणून माझं नाव आहे बाजारात. सडलेला दोर दिसला की मी दुसऱ्या मिनिटाला लिफ्ट बंद करतो, अध्यक्ष कितीही ओरडोत. तुमच्या बाबतीत मी दोर सडलेला असताना लिफ्ट सहा महिने चालवली, आणि आत तुम्ही होता.

मुलीला मी सगळं लिहिलंय. तिने अजून फोन उचललेला नाही. काकांना, बाकीच्यांनाही काल सांगितलं, की शब्दाबिब्दाचं काही नव्हतं, मी खोटं बोललो होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या हातातला पाना मुकाट्याने माझ्या हातात दिला.

नऊ इमारतींनी तुमच्याशी नवा करार करायला फर्मची हरकत नाही, असं पत्र सही करून वेगळ्या पाकिटात ठेवलंय. त्या लोकांना माझं नावही धड आठवत नाही, बाईंना बोलवा म्हणतात. तुमच्याकडचे सुटे भाग तुमच्याकडेच राहू द्या. ही थैली रिकामी परत पाठवू नका, तीही ठेवा. शटरसाठी तिथलाच कोणी माणूस बघा.

सकाळी नऊला मी फोनपाशी बसणार नाही. त्या वेळेला कामावर जायचं ठरवलंय.

याच्या खाली आणखी सहा ओळी लिहिल्या होत्या. पुन्हा वाचल्या आणि खोडल्या. कागद उजेडाकडे धरला तर कदाचित दिसतील, पण तसं करू नका. त्यात तुम्हाला बरं वाटेल असंच सगळं लिहिलेलं आहे.

मिस्त्री